एकच आज्ञा, दोन नावे : यंत्राच्या अंकांना माणसाने दिलेल्या शब्दांचा इतिहास

१/
महाराष्ट्रातील पॉलिटेक्निकमध्ये किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या थोरल्या भावंडाचे मायक्रोप्रोसेसरचे जुने जर्नल हाती आले, तर ते जरूर चाळा. ८०८५ च्या प्रयोगांत प्रत्येक पानावर तेच रकाने आखलेले दिसतील : पत्ता, ऑपकोड, लेबल, निमॉनिक, शेरा. निमॉनिकच्या रकान्यात ‘मूव्ह ए, एम’ असे लिहिलेले असते आणि त्याच ओळीत, ऑपकोडच्या रकान्यात, ‘७ई’.

२/
विद्यार्थी विचार करतो तो निमॉनिकमध्ये. मग छापील तक्त्यात बोट फिरवून त्याचा अंक शोधतो आणि किटच्या कळफलकावर केवळ तो अंक दाबतो. यंत्रापर्यंत ७ई पोहोचते. ‘मूव्ह ए, एम’ वहीतच राहते. नाव आणि अंक यांची ही जोडी लावण्याचे काम जो प्रोग्रॅम करतो तो असेम्बलर. अंकावरून नावाकडे परत नेणारा तो डिसअसेम्बलर. आजचा धागा या दोघांच्या मधल्या तक्त्याविषयी आहे.

३/
हा तक्ता कोणी ठरवला? ‘ए’ आधी आणि ‘एम’ नंतर का? आणि १९७६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्याच ७ई ला ‘एलडी ए, (एचएल)’ असे नवे नाव का दिले? यंत्राचे काम अंकावर भागते. नावे माणसांसाठी असतात. त्यामुळे त्यांच्या इतिहासात माणसांच्या सोयी, सवयी, मालकीचे वाद आणि चुकाही आपल्याला भेटतात.

४/
प्रारंभ लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयापासून करू. १९४७ मध्ये अँड्र्यू बूथ आणि कॅथलीन ब्रिटन (पुढे कॅथलीन बूथ) हे दोघे अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांच्याकडे जाऊन आले. परतल्यावर त्यांनी ‘एआरसी’ या आपल्या गणकयंत्रासाठी आज्ञा कशा लिहाव्यात, याविषयी एक अहवाल सिद्ध केला. स्मृतीसाठी एक अक्षर, अ‍ॅक्युम्युलेटरसाठी दुसरे, आणि संख्या कोठून कोठे न्यायची हे दाखवणारी खूण, अशी ती लेखनपद्धती होती.

५/
असेम्ब्ली भाषेच्या जननीचा मान आज कॅथलीन बूथ यांना दिला जातो, तो या कामासाठी. त्यांचे निधन २०२२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी झाले. त्यांची मूळ कल्पना साधी दिसते : आज्ञेत ‘काय करायचे’ आणि ‘कशावर करायचे’ हे दोन भाग वेगळे ओळखू यावेत. पहिल्याला आपण ऑपकोड म्हणतो, दुसऱ्याला ऑपरंड. पुढची पाऊणशे वर्षे या दोन भागांच्या मांडणीविषयीच मतभेद होत राहिले.

६/
कागदावरची खूण यंत्रानेच वाचावी, ही पुढची पायरी केंब्रिजमध्ये गाठली गेली. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या ‘एडसॅक’ने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. या यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अवघ्या ३१ आज्ञांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचे नाव ‘इनिशियल ऑर्डर्स’. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तशा फिरत्या स्विचांवर तो कायमचा जोडलेला असे.

७/
प्रोग्रॅमर कागदी फितीवर एक अक्षर, मग दशमान पद्धतीतला पत्ता आणि शेवटी शब्द आखूड की लांब हे सांगणारे आणखी एक अक्षर अशी आज्ञा छिद्रित करी. ‘ए’ म्हणजे मिळवा, ‘एस’ म्हणजे वजा करा, ‘टी’ म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमधील संख्या स्मृतीत हलवा, ‘आय’ म्हणजे आत घ्या, ‘ओ’ म्हणजे बाहेर छापा, ‘झेड’ म्हणजे थांबा. इंग्रजी जाणणाऱ्याला यातली बरीचशी अक्षरे पाठ करण्याची गरजच नव्हती.

८/
व्हीलर यांच्या ३१ आज्ञांत एवढे काम कसे मावले? त्याची गुरुकिल्ली सांकेतिक लिपीत आहे. एडसॅकमध्ये आज्ञेचा प्रकार पाच बिटांत मांडलेला असे आणि फितीवरचे प्रत्येक अक्षरही पाच बिटांचेच. ‘ए’ हे अक्षर आत गेले की त्याचा अंक २८, म्हणजे द्विमानात १११०० होई. आणि १११०० हाच बेरजेच्या आज्ञेचा ऑपकोड होता. अक्षर आणि ऑपकोड एकच असल्याने तक्ता शोधण्याचे कारणच उरले नाही. दशमान पत्त्याचे द्विमान रूप करणे एवढेच मुख्य भाषांतर उरले.

९/
त्याच काळात मँचेस्टरमध्ये नेमका उलटा मार्ग धरला गेला. तेथील यंत्रासाठी अ‍ॅलन ट्युरिंग यांनी प्रोग्रॅमरांची मार्गदर्शिका लिहिली. तीत द्विमान अंकांचे पाच-पाच बिटांचे गट पाडून प्रत्येक गटाला टेलिप्रिंटरच्या ३२ चिन्हांपैकी एक चिन्ह दिले होते. शून्यासाठी तिरपी रेघ, एकासाठी ‘ई’, तिनासाठी ‘ए’. या अक्षरांचा आज्ञेच्या अर्थाशी काही संबंध नव्हता. शिवाय संख्या उलट्या लिहायच्या, एकक डावीकडे.

१०/
मँचेस्टरच्या प्रोग्रॅमरांना ही ३२ चिन्हांची माळ क्रमाने मुखोद्गत करावी लागे. रिकाम्या स्मृतीचे पान छापले की त्यावर तिरप्या रेघाच रेघा उमटत. हा मँचेस्टरच्या खिडक्यांवर कोसळणारा पाऊस आहे, असे गमतीने म्हटले जाई. यंत्राच्या आत जे आहे तेच कागदावर दिसावे, हा त्या पद्धतीमागचा विचार होता. तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. मात्र माणसाच्या स्मरणशक्तीवर त्याचा भार फार पडे.

११/
१९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी प्रोग्रॅमलेखनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘असेम्ब्ली’ हा शब्द तेथून रूढ झाला. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता : निरनिराळे तुकडे एकत्र आणून, त्यांचे पत्ते जुळवून, एक सलग प्रोग्रॅम उभा करणे. नावाचे अंकात रूपांतर हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. मूळ काम जुळणीचे होते आणि ‘असेम्बलर’ म्हणजे जुळणी करणारा, ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१२/
आता आपण अडीच दशके पुढे, कॅलिफोर्नियात येऊ. १९७४ मध्ये इंटेलने ८०८० हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. आपल्या जर्नलमधील ८०८५ हा त्याचाच धाकटा भाऊ. त्याच्या ‘मूव्ह’ आज्ञेची रचना पाहा : आठ बिटांपैकी पहिले दोन ०१, पुढचे तीन ‘कोठे’ आणि शेवटचे तीन ‘कोठून’. बी, सी, डी, ई, एच, एल, एम, ए यांना क्रमाने ० ते ७ हे अंक दिलेले. ०१ १११ ११० म्हणजे ‘ए’मध्ये ‘एम’ आणा. हीच आठ बिटे चार-चारच्या गटांत वाचली की ७ई.

१३/
या यादीतील ‘एम’ हे खरे रजिस्टर नव्हे. एच आणि एल या जोडीत जो पत्ता असेल, त्या पत्त्यावरची स्मृती म्हणजे ‘एम’. मग ‘मूव्ह एम, एम’ लिहिले तर? रचनेप्रमाणे त्याचा अंक ७६ यायला हवा. परंतु एखादी संख्या उचलून तेथेच ठेवण्यात काय अर्थ? इंटेलने ७६ हा अंक ‘हॉल्ट’, म्हणजे थांबा, या आज्ञेला देऊन टाकला. तक्ता बिटांच्या नियमानुसार चालतो आणि माणसाने ठरवले की नियम मोडतो, याचे हे नेटके उदाहरण.

१४/
८०८० च्या निर्मितीत मोलाचा वाटा असलेले फेदेरिको फॅजिन इंटेलमधून बाहेर पडले आणि १९७४ मध्ये राल्फ उंगरमन यांच्यासह त्यांनी झायलॉग ही कंपनी स्थापली. १९७६ मध्ये त्यांचा झेड८० आला. ८०८० साठी तयार झालेले प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालावेत, असा त्यांचा हेतू होता. म्हणून अंक तेच ठेवले. ८०८० ने २५६ पैकी २४४ अंक अधिकृतपणे वापरले होते. उरलेल्या १२ मोकळ्या जागांतून झेड८० ने आपल्या नव्या आज्ञांना वाट करून दिली.

१५/
अंक तेच ठेवता आले, पण नावे तीच ठेवता आली नाहीत. आपल्या निमॉनिकांवर कॉपीराइट असल्याचा इंटेलचा दावा होता. त्यामुळे झायलॉगला सर्व आज्ञांचे नव्याने बारसे करावे लागले. सिलिकॉनच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांत ७ई गेले की एकच क्रिया घडे. माणसांपुढे मात्र दोन वेगळे शब्दकोश आले.

१६/
या बारशात एक वेगळी विचारसरणीही डोकावते. इंटेलच्या पद्धतीत ऑपरंडचा प्रकार नावातच सांगितलेला असतो : रजिस्टरमधून आणायचे तर ‘मूव्ह’, थेट संख्या भरायची तर ‘एमव्हीआय’, जोडीत भरायची तर ‘एलएक्सआय’, स्मृतीत ठेवायचे तर ‘एसटीए’. झायलॉगने या सगळ्यांना ‘एलडी’ हे एकच नाव दिले आणि प्रकार ओळखण्याचे काम ऑपरंडच्या रूपावर सोपवले. कंसात लिहिले तर स्मृती, कंसाविना लिहिले तर स्वतः ती संख्या.

१७/
चार जोड्या पाहू. ३ई ०५ : ‘एमव्हीआय ए, ०५’ आणि ‘एलडी ए, ०५’. ७७ : ‘मूव्ह एम, ए’ आणि ‘एलडी (एचएल), ए’. २३ : ‘आयएनएक्स एच’ आणि ‘आयएनसी एचएल’. सी३ : ‘जेएमपी’ आणि ‘जेपी’. झायलॉगची पद्धत शिकायला सोपी, कारण शब्द थोडे. इंटेलची पद्धत असेम्बलर लिहिणाऱ्याला सोपी, कारण नाव वाचले की कोणता गट हे बहुतेक कळते. ओझे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेले, इतकेच.

१८/
झायलॉगची शिस्तही सर्वत्र टिकली नाही. ई९ या आज्ञेला त्यांनी ‘जेपी (एचएल)’ म्हटले. कंसाच्या नियमाने याचा अर्थ होईल : एचएलने दाखवलेल्या स्मृतीत जो पत्ता आहे, तेथे उडी घ्या. प्रत्यक्षात यंत्र स्मृती वाचतच नाही. एचएलमधील पत्त्यावरच उडी घेते. बेरजेला ‘एडीडी ए, बी’ आणि वजाबाकीला नुसते ‘एसयूबी बी’. अशा विसंगतींवर नवखा विद्यार्थी ठेचकाळतो आणि दोष स्वतःकडे घेतो. वास्तविक तो दोष बारसे करणाऱ्यांचा आहे.

१९/
याहून गंभीर गोष्ट म्हणजे सारख्या दिसणाऱ्या नावांचे वेगळे अर्थ. इंटेलच्या तक्त्यात ‘जेपी’ म्हणजे आधीचे उत्तर ऋण नसेल तरच उडी, अंक एफ२. झायलॉगच्या तक्त्यात ‘जेपी’ म्हणजे कोणत्याही अटीविना उडी, अंक सी३. इंटेलचे ‘सीपी’ म्हणजे त्याच अटीवर उपप्रोग्रॅमला बोलावणे. झायलॉगचे ‘सीपी’ म्हणजे तुलना. कागदावरचा मजकूर तोच, परंतु तो कोणत्या असेम्बलरला दिला यावर प्रोग्रॅम काय करील हे ठरे.

२०/
याच काळात गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम ही कार्यप्रणाली लोकप्रिय झाली. तिच्यासोबत मिळणारा असेम्बलर आणि ‘डीडीटी’ हे दोषशोधनाचे साधन, दोन्ही इंटेलची नावे जाणणारे होते. सीपी/एम चालवणाऱ्या अनेक यंत्रांच्या पोटात मात्र झेड८० असे. झेड८० ची एखादी खास आज्ञा समोर आली की डीडीटी प्रश्नचिन्हे दाखवून मोकळा होई. यंत्र ती आज्ञा बिनचूक पाळत होते, तरी तिला नाव देणे वाचणाऱ्या साधनाच्या आवाक्यात नव्हते.

२१/
दुसरा वाद ऑपरंडच्या क्रमाचा. इंटेलमध्ये ‘मूव्ह ए, बी’ म्हणजे बी मधील संख्या ए मध्ये आणा, गंतव्य आधी. १९७० च्या पीडीपी-११ या यंत्रावर हाच क्रम उलटा होता : आधी मूळ, मग गंतव्य. युनिक्स त्या यंत्रावर वाढली आणि तिचे प्रोग्रॅमर त्या क्रमात विचार करू लागले. पुढे एटी अँड टीची युनिक्स इंटेलच्या प्रोसेसरांवर आली, तेव्हा जुनी सवयही सोबत आली. हीच ती ‘एटी अँड टी’ लेखनपद्धती. ग्नूच्या असेम्बलरमार्फत ती लिनक्सच्या जगात आजही नांदते.

२२/
स्मृतीतील एकच जागा दोन्ही पद्धतींत पाहा. इंटेल : [ईबीएक्स + ईएसआय*४ + ८]. एटी अँड टी : ८(%ईबीएक्स, %ईएसआय, ४). पहिलीत गणित उघड दिसते. दुसरीत जागांचा क्रम ठाऊक असल्याशिवाय अर्थ लागत नाही, पण रजिस्टरपुढे टक्क्याची खूण असल्याने रजिस्टर आणि प्रोग्रॅमरने दिलेले नाव यांत कधीही गल्लत होत नाही. दोन्हींना आपापले पाईक आहेत आणि दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे.

२३/
क्रम उलटण्याच्या या उद्योगात एक चूक शिरली आणि कायमची राहिली. बेरजेत क्रमाने फरक पडत नाही. वजाबाकीत आणि भागाकारात पडतो. एटी अँड टी परंपरेतील असेम्बलरांत अपूर्णांकांच्या काही आज्ञांची नावे अदलाबदल झाली : दहातून तीन वजा करा असे लिहावे आणि तिनातून दहा वजा करणारा अंक तयार व्हावा. ग्नूच्या प्रोग्रॅमरांना हे कळले, तोवर कंपायलर त्या उलट्या नावांवर विसंबून लिहिले गेले होते. दुरुस्ती केली असती तर नीट चालणारे प्रोग्रॅम बिघडले असते. म्हणून चूक तशीच जपली गेली. आजही काही अंकांना एका पद्धतीत ‘वजा’ आणि दुसऱ्या पद्धतीत ‘उलट वजा’ असे वाचले जाते.

२४/
आता उलटा प्रवास : अंकांकडून नावांकडे. इतिहासप्रेमींना हे काम मोडी वाचनासारखे वाटेल. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. रेघेखाली अक्षरे सलग वाहतात आणि शब्द कोठे सुरू होतो हे वाचकाने ठरवायचे असते. डिसअसेम्बलरपुढे हाच पेच असतो. २१ ३ई ०५ ७६ हे चार अंक घ्या. पहिल्यापासून वाचले तर : ‘एलएक्सआय एच, ०५३ई’ आणि ‘हॉल्ट’. एक अंक सोडून वाचले तर : ‘एमव्हीआय ए, ०५’ आणि ‘हॉल्ट’. दोन्ही वाचने व्याकरणशुद्ध आहेत. लेखकाला कोणते अभिप्रेत होते, हे उडी कोठून आली त्यावरून ताडावे लागते.

२५/
शिवाय या प्रवासात पुष्कळ काही हरवलेले असते. लेबले, शेरे, आकड्यांना दिलेली अर्थपूर्ण नावे यांतले काहीही अंकांत उतरत नाही. उलटपक्षी, कधी अंकांत अधिकची माहितीही लपते. इंटेलच्या १६ बिटांच्या प्रोसेसरांत ‘मूव्ह एएक्स, बीएक्स’ ही आज्ञा ८९ डी८ किंवा ८बी सी३ अशी दोन प्रकारे लिहिता येते. एरिक आयझॅकसन यांनी आपल्या ए८६ या असेम्बलरमध्ये अशा पर्यायांची एक विशिष्ट सरमिसळ वापरली. शुल्क न भरता कोणी तो असेम्बलर वापरला, तर तयार प्रोग्रॅमवरून ते ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू. हस्ताक्षरावरून लेखनिक ओळखावा, तसेच हे.

२६/
वाचता येणे किती निर्णायक ठरू शकते, हे २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री दिसले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवरील व्हॅक्स आणि सन यंत्रांत पसरू लागला. मूळ लिखाण कोणापाशी नव्हते. हाती होते केवळ अंक, आणि त्यांतील मजकूरही ८१ या अंकाच्या साह्याने झाकलेला. बर्कली आणि एमआयटी येथील गटांनी जागून ते अंक आज्ञांत आणि आज्ञा सी भाषेत उलगडल्या. तो कोठून शिरतो, कोणते ४३२ शब्द पासवर्ड म्हणून वापरून पाहतो आणि तो फायली नष्ट करत नाही, हे त्या वाचनातून निश्चित झाले.

२७/
असे वाचन कायदेशीर आहे काय, हा प्रश्न १९९२ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयापुढे ऐरणीवर आला. अ‍ॅकोलेड या कंपनीने सेगाच्या खेळयंत्रासाठी आपले खेळ बनवायचे ठरवले आणि त्याकरिता सेगाच्या कार्ट्रिजमधील अंक डिसअसेम्बल केले. सेगाने दावा लावला. न्यायालयाने निर्णय दिला : ज्या कार्यात्मक भागांना कॉपीराइटचे संरक्षण नाही, ते समजून घेण्याचा दुसरा मार्गच नसेल आणि त्यामागे रास्त कारण असेल, तर डिसअसेम्बली हा न्याय्य वापर होय. इंटेलच्या दाव्यापासून सोळा-सतरा वर्षांनी आलेला हा निर्णय नावांविषयी नव्हता. तो वाचण्याच्या मोकळीकीविषयी होता.

२८/
आता पुन्हा त्या जर्नलकडे वळू. त्यातील ‘मूव्ह’ आणि ‘ए, एम’ यांत एका कंपनीची निवड आहे, क्रमाची एक सवय आहे आणि १९४७ च्या त्या अहवालापासून चालत आलेली ‘काय’ आणि ‘कशावर’ यांची विभागणी आहे. निमॉनिकचा तक्ता पाठ करताना तो निसर्गनियम वाटू लागतो. वस्तुतः तो एक दस्तऐवज आहे. म्हणून कोणताही डिसअसेम्बलर उघडला की दस्तऐवज वाचताना विचारतो तेच विचारावे : हे कोणत्या पद्धतीत लिहिले आहे, वाचन कोठून सुरू केले आहे, आणि यातले काय मूळचे, काय वाचणाऱ्याने घातलेले?

२९/
जाता जाता एक छोटा प्रयोग सुचवतो. घरात जुने जर्नल असेल तर त्यातील एका प्रयोगाचा फक्त ऑपकोडचा रकाना वेगळ्या कागदावर उतरवा, बाकीचे झाका आणि तक्ता हाती घेऊन निमॉनिक परत मिळवा. आज्ञा परत मिळतील. पेन्सिलीने लिहिलेले शेरे मिळणार नाहीत. ते जपायचे असतील तर वहीच जपावी लागेल.

(धागा समाप्त)